पार्सलावरचा कर कोणाच्या तिजोरीत?

(पक्षाच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गासाठी मला 'करव्यवस्था आणि सामान्य माणूस' असा ऐसपैस विषय देण्यात आला होता. तासाभरात एवढ्या विषयाला हात घालणे म्हणजे घागरीत विहीर ओतण्यासारखे आहे. म्हणून संयोजकांची परवानगी घेऊन मी त्याचा एक लहानसा कोपराच निवडला आहे. निमित्त आपल्याच कार्यकर्त्यांनी बाजारपेठेत वाटलेल्या एका पत्रकाचे आहे. 'ऑनलाइन कंपन्या विक्रीवर कर भरत नाहीत, म्हणून आपला दुकानदार मरतो', असे त्यात ठळक अक्षरांत छापले होते. पत्रकामागची तळमळ मला मान्य आहे. विधान मात्र चूक आहे, आणि ते पत्रक ज्याच्या हाती पडले त्या किराणा दुकानदाराच्या कर-सल्लागारानेच ते चूक असल्याचे आपल्या कार्यकर्त्याला सुनावले. आपली मान खाली गेली ती विरोधकांमुळे नव्हे, आपल्याच अपुऱ्या अभ्यासामुळे.

हे विधान एके काळी खरे होते, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत ते जवळजवळ पन्नास वर्षे खरे होते. आपल्या देशातही काही वर्षे ते निम्मेशिम्मे खरे होते. आज ते खरे राहिलेले नाही. तरी अन्याय संपलेला नाही, त्याने जागा बदलली आहे. तो आता नेमका कुठे जाऊन बसला आहे हे कळण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

माल एका राज्यातून निघतो, दुसऱ्या राज्यात पोहोचतो. मग विक्रीवरचा कर कोणाचा? हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. संविधान अमलात येऊन तीन-चार वर्षे होतात न होतात तोच तो सर्वोच्च न्यायालयापुढे उभा राहिला. पहिला खटला आपल्याच मुंबई राज्याचा. मुंबई विक्रीकर कायदा १९५२ चा. त्याला युनायटेड मोटर्स या कंपनीने आव्हान दिले. १९५३ मध्ये न्यायालयाने संविधानाच्या २८६ व्या अनुच्छेदाचा असा अर्थ लावला की, ज्या राज्यात माल उपभोगासाठी पोहोचतो त्या राज्याला बाहेरच्या विक्रेत्यावरही कर बसवता येईल. झाले! देशभरच्या व्यापाऱ्यांना कधी न पाहिलेल्या राज्यांच्या विक्रीकर खात्यांकडून नोटिसा जाऊ लागल्या.

अशीच एक नोटीस कलकत्त्याच्या बंगाल इम्युनिटी कंपनीला त्याआधीच गेली होती. ही कंपनी लशी, सिरम आणि औषधे तयार करीत असे. बिहारमध्ये तिचे कार्यालय नव्हते, गोदाम नव्हते, एखादा प्रतिनिधीही नव्हता. मागणी आली की माल रेल्वेने, आगबोटीने किंवा विमानाने रवाना व्हायचा. आजच्या भाषेत सांगायचे तर हा शुद्ध 'घरपोच' धंदा. बिहार सरकार म्हणाले, औषध आमच्या रुग्णाने घेतले, पैसा आमच्या माणसाचा. तेव्हा तुम्ही आमच्याकडे नोंदणी करा आणि विवरणपत्रे भरा. १९५५ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी कंपनीच्या बाजूने कौल दिला आणि दोनच वर्षांपूर्वीचा आपलाच निर्णय फिरवला. आंतरराज्य विक्रीवर संसदेने कायदा केल्याखेरीज कोणत्याही राज्याला कर बसवता येणार नाही, असे ठरले. फरक एका मताचा होता हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. शहाणी माणसेही या प्रश्नावर सरळ दोन तुकड्यांत विभागली जातात.

पुढे १९५६ मध्ये सहावी घटनादुरुस्ती झाली आणि केंद्रीय विक्रीकर कायदा आला. नाव केंद्रीय, पण कर गोळा करणार आणि ठेवून घेणार ते राज्य, जेथून माल निघाला. सुरुवातीला दर १ टक्का होता, १९७५ मध्ये तो ४ टक्क्यांवर गेला, २००७ पासून तो उतरू लागला आणि २००८ मध्ये २ टक्क्यांवर आला. साठ वर्षे ही व्यवस्था टिकली. आता जरा स्वतःकडे पाहू. या साठ वर्षांत फायदा कोणाचा झाला? ज्यांच्याकडे कारखाने होते त्यांचा. म्हणजे महाराष्ट्राचा, गुजरातचा, तामिळनाडूचा. बिहारच्या किंवा ओरिसाच्या खेड्यातला माणूस पिंपरीत किंवा ठाण्यात बनलेली वस्तू विकत घेई तेव्हा तिच्या किमतीतून त्याचे काही पैसे महाराष्ट्राच्या तिजोरीत येत. त्या माणसाच्या गावातल्या शाळेला त्यातला छदामही मिळत नसे. विषमतेविरुद्ध आपण एवढे बोललो, पण या वाहत्या गंगेबद्दल आपल्यापैकी फारसे कोणी बोलले नाही. पाणी आपल्याच शेतात येत होते ना!

आपल्याकडे हा कर निदान विकणाऱ्याच्या राज्याला तरी मिळे. अमेरिकेत तो कोणालाच मिळेनासा झाला. तिथली कथा मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण 'ऑनलाइनवाले कर भरत नाहीत' ही तक्रार मूळची तिथली आणि तिचे निवारणही तिथे झाले.

अमेरिकेत विक्रीकर हा राज्यांचा, आणि पुष्कळ ठिकाणी त्यावर शहरांचा आणि काउंटींचा. १९६७ मध्ये नॅशनल बेलास हेस नावाच्या कंपनीचा खटला उभा राहिला. मिसुरी राज्यात बसलेली ही कंपनी टपालाने सूचीपत्रे पाठवून इलिनॉयमधल्या ग्राहकांना माल विकत असे. ज्या विक्रेत्याचा राज्याशी संबंध फक्त टपाल आणि मालवाहतूक एवढाच आहे, त्याच्यावर कर गोळा करण्याची सक्ती करता येणार नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. १९९२ मध्ये क्विल नावाच्या कंपनीच्या खटल्यात हाच नियम कायम झाला. ही कंपनी कार्यालयीन सामान विके. नॉर्थ डकोटा या छोट्या राज्यात तिचे सुमारे ३ हजार ग्राहक होते आणि विक्री जवळजवळ १० लाख डॉलर. पण दुकान नाही, म्हणून कर गोळा करण्याची जबाबदारी नाही. कायद्याने कर माफ नव्हता, हे ध्यानात घ्या. ग्राहकाने स्वतः उठून 'वापर-कर' भरावा अशी तरतूद होती. किती जण भरत असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

आता या नियमाचा अर्थ पाहा. गावात दुकान थाटले, चार माणसे कामाला ठेवली, नगरपालिकेला घरपट्टी भरली की तुमच्यावर कर गोळा करण्याचे बंधन आले. यातले काहीच केले नाही की त्यातून सुटका. म्हणजे गावाला काही देणाऱ्यावर बोजा आणि काहीही न देणाऱ्याला सवलत. इंटरनेटचा व्यापार वाढला तो या सवलतीच्या छायेत. या नियमामुळे राज्यांचे दरवर्षी ८ ते ३३ अब्ज डॉलरचे उत्पन्न बुडते, असे अंदाज पुढे न्यायालयानेच आपल्या निकालात नमूद केले.

तो निकाल २१ जून २०१८ चा. साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर. साउथ डकोटा हे विरळ वस्तीचे राज्य. तिथे प्राप्तिकर नाही. सर्वसाधारण खर्चाच्या निधीत ६० टक्क्यांहून अधिक पैसा विक्री आणि वापर-करातून येतो. २०१६ मध्ये त्या राज्याने कायदा केला की, वर्षाला १ लाख डॉलरहून अधिक माल किंवा २०० वा त्याहून अधिक स्वतंत्र व्यवहार राज्यात करणाऱ्याने, तो कुठेही बसलेला असो, कर गोळा केलाच पाहिजे. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने क्विलचा नियम मोडीत काढला. पुन्हा एका मताचा फरक! पुढे राज्याराज्यांनी कायदे करून मोठ्या बाजार-संकेतस्थळांवरच, त्यांच्यावर विकणाऱ्या छोट्यांच्या वतीने, कर गोळा करण्याची जबाबदारी टाकली. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, साउथ डकोटातल्या शहरांचा जो स्वतःचा विक्रीकर आहे, तोही पार्सल ज्या पत्त्यावर पोहोचते त्यानुसार आकारला जातो आणि त्या शहराला मिळतो. हा 'पत्ता' शब्द लक्षात ठेवा. मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

आपल्या देशात ऑनलाइन व्यापार वाढू लागला तेव्हा केंद्रीय विक्रीकराचीच राजवट होती. माल बंगळूरहून किंवा दिल्लीहून निघे, कर तिथे राही, आणि ग्राहकाचे राज्य कोरडे. केरळ हे उपभोगाचे राज्य, त्याला ही झळ आधी लागली. तिथल्या खात्याने फ्लिपकार्टसह काही कंपन्यांवर कराची आणि दंडाची आकारणी केली; २०१५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ती रद्द केली. विक्री आंतरराज्य आहे, तुमचा अधिकार पोहोचत नाही! बंगाल इम्युनिटीला बरोबर साठ वर्षे झाली होती. गुजरात, उत्तराखंड यांसारख्या राज्यांनी मग दुसरी वाट धरली आणि ऑनलाइन मागवलेल्या मालावर प्रवेशकर लावला. २०१६ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, भेदभाव होत नसेल तर राज्यांना प्रवेशकर बसवता येतो, असा निर्णय बहुमताने दिला. तोवर प्रवेशकराचेच दिवस भरत आले होते.

१ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला. त्याचे गुणदोष हा स्वतंत्र विषय आहे. मी फक्त पार्सलापुरते बोलतो. समजा, सांगलीतल्या एका शिक्षिकेने १ हजार रुपयांची वस्तू मागवली आणि तिच्यावर १८ टक्के कर आहे. विक्रेता बंगळूरचा असेल तर १८० रुपये एकात्मिक कर म्हणून केंद्राकडे जमा होतात आणि त्यातला राज्याचा निम्मा वाटा, ९० रुपये, महाराष्ट्राकडे वळता होतो. विक्रेत्याचे गोदाम भिवंडीत असेल तर ९० रुपये केंद्राचे आणि ९० महाराष्ट्राचे. दोन्ही वाटांनी महाराष्ट्राला सारखेच. जिथे उपभोग तिथे कर, हे १९५३ चे तत्त्व चौसष्ट वर्षांनी कायद्यात आले. उत्पादक राज्यांसाठी १ टक्का अतिरिक्त कर ठेवण्याची जी तरतूद मूळ विधेयकात होती तीही २०१६ मध्ये वगळली गेली. मला विचाराल तर ते योग्यच झाले. बिहारच्या ग्राहकाचा पैसा बिहारला मिळाला पाहिजे.

करचुकवेगिरीची फटही बरीच बुजली आहे. १ ऑक्टोबर २०१८ पासून संकेतस्थळ चालवणाऱ्या कंपनीला विक्रेत्याला पैसे देताना त्यातून १ टक्का कर कापून सरकारकडे भरावा लागे. जुलै २०२४ मध्ये हा दर अर्धा टक्का झाला. रक्कम लहान आहे, पण तिच्यामुळे प्रत्येक व्यवहाराची नोंद सरकारकडे राहते. उलट बोजा पडला तो छोट्यावर. कोल्हापूरच्या एखाद्या महिला बचतगटाने कांदा-लसूण मसाला केला आणि उलाढाल ४० लाखांच्या आत असली तर नोंदणीची गरज नाही. संकेतस्थळावरून विकायचे म्हटले की मात्र २०१७ पासून पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यांतर्गत मालविक्रीपुरती ती अट सैल झाली. म्हणजे आज तो मसाला दूर गोंदियाला पाठवला तर नोंदणी नको, आणि जवळच्या बेळगावला पाठवला तर हवी! बेळगावातल्या मावशीला मसाला पाठवणे कायद्याच्या दृष्टीने परमुलखाशी व्यापार ठरतो. सीमाप्रश्नाचा हा पैलू आपल्या ठरावांत मी अजून पाहिलेला नाही.

तेव्हा कर गोळा होतो. दिल्लीला पोहोचतो, मुंबईला पोहोचतो. पोहोचत नाही तो सांगलीला.

इथे मला जकातीबद्दल बोलणे भाग आहे. माझ्या पिढीच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी वर्गात जकातीला कधी चांगले म्हटले नाही. ती गरिबावर अधिक पडते, माल अडवते, डिझेल जाळते, आणि नाक्यावर हात ओले केल्याखेरीज ट्रक हलत नाही. हे सारे मी वर्षानुवर्षे शिकवले आणि त्यातला एकही शब्द मी आज मागे घेत नाही. विद्यार्थी असताना पुण्याहून एस. टी.ने आणलेल्या पुस्तकांच्या खोक्यासाठी मी स्वतः आमच्या गावच्या नाक्यावर अर्धा दिवस बसलो आहे. पुस्तकांना जकात माफ आहे हे नाकेदाराला पटेपर्यंत ग्रंथालय बंद झाले होते. परंतु एक गोष्ट आम्ही वर्गात शिकवली नाही. ती म्हणजे, जकात हा नगराचा स्वतःचा कर होता. दर सभागृहात ठरे, पैसा नगराच्या तिजोरीत रोजच्या रोज पडे, आणि गावात व्यापार वाढला की उत्पन्न आपोआप वाढे. त्यासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नसत.

महाराष्ट्रात नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये गेली. महापालिकांमध्ये २०१० पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर आला. व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध बंद पुकारले, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आत उलाढाल असणाऱ्यांना तो माफ झाला. मुंबईची जकात सर्वांत शेवटी, १ जुलै २०१७ ला संपली. तिचे अखेरचे वार्षिक उत्पन्न सुमारे ७ हजार कोटी रुपये होते. शंभरावी आणि पहिली, म्हणजे १०१ वी घटनादुरुस्ती झाली तेव्हा राज्यसूचीतली ५२ क्रमांकाची नोंद, जिच्या आधारे जकात घेतली जाई, ती पुसूनच टाकण्यात आली. त्याच दुरुस्तीत नगरपालिकांच्या आणि पंचायतींच्या हाती काय उरले, तर करमणूक कर. शहरात येणाऱ्या एकूण मालावरचा अधिकार गेला आणि तमाशाच्या तिकिटावरचा राहिला. ही विनोदी गोष्ट मी रचलेली नाही. संविधानात लिहिलेली आहे.

मोबदला म्हणून राज्याने २०१७ मध्ये नुकसानभरपाईचा कायदा केला. २०१६-१७ हे आधारवर्ष आणि दरसाल चक्रवाढीने ८ टक्के वाढ, असे सूत्र ठरले. मुंबई महापालिकेला पहिला मासिक हप्ता सुमारे ६४७ कोटींचा मिळाला. हे सूत्र अगदीच वाईट आहे असे मी म्हणणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत जकात असती तर महापालिकांचे काय झाले असते, हे सांगायला नको. अनुदानाने तेव्हा आधार दिला. पण अनुदान ते अनुदान. ते शहराच्या वाढीशी बांधलेले नाही. ज्या उपनगरात दहा वर्षांत वस्ती दुप्पट झाली, रोज हजारो पार्सले ज्याच्या रस्त्यांवरून फिरतात, त्यालाही तेच ८ टक्के. आणि देणाऱ्याचा हात वर, घेणाऱ्याचा खाली. डॉ. लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली, त्यात गाव आणि जिल्हा हे दोन खांब प्रांत आणि केंद्र यांच्या बरोबरीने उभे राहायचे होते. उत्पन्नाविना खांब उभा राहत नाही. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्त्यांनी कामांची यादी दिली. पंचवीस वर्षांनी आलेल्या नव्या कराने हाती होता तोही पैसा काढून घेतला.

मग मागणी काय करायची? जकात परत आणा, असे मी मुळीच म्हणत नाही. नाके पुन्हा नकोत. पण प्रत्येक ऑनलाइन बिलावर पत्ता असतो, आणि पत्त्यात पिनकोड असतो. त्या पत्त्यावरूनच आज कायदा ठरवतो की कर महाराष्ट्राचा की कर्नाटकाचा. जो संगणक राज्य ओळखतो त्याला शहर ओळखणे अवघड नाही. साउथ डकोटासारखे चिमुकले राज्य हे करू शकते. म्हणून राज्याला मिळणाऱ्या निम्म्या वाट्यातला एक ठरावीक हिस्सा, पार्सल ज्या शहरात किंवा तालुक्यात पोहोचले तिथल्या स्थानिक संस्थेला हक्क म्हणून मिळाला पाहिजे. यासाठी नवा कर नको, दरवाढ नको.

याला आक्षेप येतील आणि त्यातले दोन गंभीर आहेत. पहिला असा की, खरेदी करणारे श्रीमंत. हिस्सा केवळ पत्त्यावर वाटला तर कोथरूड आणि बांद्रा जिथे आहेत ती शहरे तुडुंब होतील आणि गडचिरोलीच्या वाट्याला चिंचोके येतील. आक्षेप खरा आहे. म्हणून निम्मा भाग पत्त्यावर आणि निम्मा लोकसंख्या व गरज पाहून, असा काहीतरी मेळ घालावा लागेल. प्रमाण कोणते, यावर माझा हट्ट नाही. दुसरा आक्षेप भिवंडीचा. गोदामे तिथे, अवजड ट्रक तिथे, खड्डे तिथे. ग्राहक मात्र राज्यभर. पत्त्याच्या नियमाने भिवंडीला काय? काही जण म्हणतील, मग गोदामाच्या गावालाच कर द्या. कॅलिफोर्नियात स्थानिक कराचा एक भाग असा विक्रीच्या उगमाला जातो. त्याचा परिणाम असा झाला की, कंपनीने आपल्याकडे यावे म्हणून शहरे एकमेकांशी चढाओढ करू लागली आणि स्वतःच्याच करातला वाटा कंपन्यांना परत देण्याचे करार करू लागली. तो मार्ग नको. भिवंडीच्या रस्त्यांचा खर्च गोदाममालकांच्या मालमत्ता करातून आणि राज्याच्या रस्ते निधीतून निघाला पाहिजे. हे उत्तर अपुरे आहे, याची मला जाणीव आहे. भिवंडीतल्या साथींनी त्यावर विचार करून लिहावे.

राज्य सरकार सहजी राजी होणार नाही. केंद्राकडून राज्यांना मिळणारी भरपाई जून २०२२ मध्ये थांबली, तेव्हापासून प्रत्येक अर्थमंत्री मूठ घट्ट धरून बसला आहे. शिवाय बऱ्याच महापालिकांत २०२२ पासून काही वर्षे निवडून आलेले सभागृहच नव्हते. प्रशासकाने अंदाजपत्रक मांडायचे आणि प्रशासकानेच मंजूर करायचे. अशा काळात हक्काच्या उत्पन्नाची मागणी करणार कोण?

म्हणून काम आपल्यापासून सुरू होते. आपापल्या नगरपालिकेचे किंवा महापालिकेचे अंदाजपत्रक मागवून घ्या. जमेच्या बाजूला नुकसानभरपाईचे किंवा जकातीपोटी मिळणारे अनुदान किती आणि स्वतःचे उत्पन्न किती, हे दोन आकडे पाच वर्षांचे उतरवून काढा. बाजारपेठेतल्या दुकानदारांकडे जा, पण या वेळी आकडे घेऊन जा. आणि पत्रकाची दुसरी आवृत्ती काढणार असाल तर तिचे पहिले वाक्य असे असू द्या: 'आपल्या दारात येणाऱ्या प्रत्येक पार्सलावर आपण कर भरतो, आपल्या गावाला त्यातले काय मिळते?' मजकूर छापण्यापूर्वी माझ्याकडे पाठवलात तर आकडे मी तपासून देईन.